गुरुवारी भोंगा झाला न्हाई

मी सात वर्साची असताना कासारवाडीच्या पोरींच्या आश्रमात आले अन् तिथंच वाढले. उठायची घंटा, अंघोळीची घंटा, जेवायची, प्रार्थनेची, दिवे घालवायची. घड्याळ एकच, ते हापिसात, तिथं आमी जायचं न्हाई. चौथीनंतर शाळा सुटली, मंग सैपाकघरात लागले, तिथं बी घंटाच. आश्रमानंच लगीन लावून दिलं, मानूस कुरुळीला राहायचा, कंपनीत कामाला, त्यानं पोट आलं तवा सोडलं, मी परत त्याच दारात.

पोरगी दोन वर्साची झाली तवा आश्रम चालवनाऱ्या मोठ्या बाईंनी दोन गल्ल्या पल्याडची एक खोली मला दिली. तीन महिने एकटीनं राहून दाखवायचं. जमलं तर संत तुकाराम नगरात दुसऱ्या एका पोरीसंगं कायमची खोली अन् पॅकिंगचं काम, न्हाई जमलं तर पोरगी पुन्याच्या शिशुगृहात.

"आता तुला कुणी उठवणार नाही हं," बाई म्हनल्या. हातात किल्ली दिली, एक गजराचं घड्याळ दिलं. "घड्याळ कळतं ना गं?"

"व्हय बाई."

कळत नव्हतं. पर न्हाई म्हनलं तर किल्ली परत घेतील, पोरगी नेतील, असं झालं मला, मी तिला गच्च धरून हुबी. ते घड्याळ फळीवर ठेवलं, रोज चावी तेवढी द्यायची.

खोलीत काय भ्या वाटायचं, काय सांगू, आश्रमाची घंटा तिथवर ऐकू येत नव्हती, कवा जेवायचं, कवा निजायचं, कुनी सांगंचना. मंग ध्यानात आलं, कंपनीचा भोंगा होतोय. सकाळी, दुपारी, सांच्याला. आश्रमात असताना त्याच्याकडं कोन बघतंय, आमची आमची घंटा होती. आता मी भोंग्याला चूल पेटवायची, भोंग्याला पोरीला भरवायची. बरं चाललं होतं.

पाच-सहा दिसांनी पोरीला ताप आला, जुलाब लागले. डॉक्टरनं बाटली दिली, दिसातनं तीनदा एकेक चमचा. "वेळेच्या आधी देऊ नको, लेकराला सोसायचं नाही," म्हनला. बुधवारचे तिन्ही चमचे मी भोंग्याला दिले, पोरगी जरा हसली बी.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, मी बाटली अन् चमचा घेऊन बसले. आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता न्हाई. भोंगा होईना. म्हनलं आज मी लवकर उठले आसंन. पोरगी कण्हायला लागली, मी बूच काढायची, परत लावायची, वेळेच्या आधी दिलं अन् काय झालं तर. फळीवर घड्याळ टिकटिक करतंय अन् मी कान देऊन भोंग्याची वाट बघतीय. पोरगी कण्हायची थांबली, मला वाटलं झोपली.

सैपाकघरातली मावशी पेज घेऊन आली. "काय गं महाराणी, चार वाजाया आले, चूल पन न्हाई पेटवली?"

"मावशी, सकाळचा भोंगाच झाला न्हाई अजून."

"येडी का खुळी तू, आज गुरुवार, हिकडं कंपन्या बंद." मंग तिनं पोरीला हात लावला अन् पेज तशीच खाली ठिवली.

दवाखान्यात सुई दिली, सलाईन लावलं. पोरगी वाचली. मावशीनं भोंग्याचं सांगितलं होतं, बाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या, खालीच बघत होत्या.

"खरं का नाही सांगितलंस?"

"पोरीला न्याल म्हनून."

बाई म्हनल्या, "आम्ही तुला पोळ्या लाटायला शिकवलं, शिवण शिकवलं, आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नाही गं." पर आश्रमाच्या कमिटीनं एक वरीस म्हनून पोरीला शिशुगृहात ठिवलंच.

बाईंनीच मला घड्याळ शिकवलं, आठ दिस लागले. आता पॅकिंगला जाते, कार्डावर टाइम बरोबर पडतो. गुरुवारी सुट्टी, तवा कासारवाडीवरनं गाडीनं पुन्याला जाते. मागल्या गुरुवारी पोरीचं डोकं विंचरत होते, भेटायची येळ संपल्याची घंटा झाली. तशी ती मांडीवरनं उतरली, रडली न्हाई, माझ्याकडं बघितलं बी न्हाई, जाऊन बाकीच्या लेकरांच्या रांगेत हुबी राहिली. वेणी अर्धीच झालेली.

आनि घंटा झाली तशी मी बी उठले होते.