न अडकणारं काडतूस

अख्ख्या अमिरातीत कधीही न अडकणारी वस्तू एकच, ती म्हणजे आमच्या साडूंनी हातानं भरलेलं काडतूस. हे मी म्हणत नाही, साडू स्वतःच म्हणतात, आणि ते एकदा म्हणाले की विषय खलास. लष्करात वीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून ते अल ऐनच्या एका नेमबाजी क्लबात लागले. तिथं सभासदांच्या सरावाची काडतुसं ते रीतसर परवान्यानं भरतात. रिकामी पितळी पुंगळी, बुडाला टोपी, आत मोजून दारू, वर गोळी. मोजायचं वेड इतकं की व्हर्नियर कॅलिपर कायम सदऱ्याच्या खिशात. दिवाळीला आमच्याकडे अजमानला आले, तर चकली तोंडात घालण्याआधी मोजली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "धाकटे, दोन चकल्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे." त्यांच्या लेकीनं कपाळावर हात मारला. "बाबा, इट्स जस्ट अ चकली."

काहीही बिघडो, त्यांचा नियम ठरलेला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ताईंचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचा, उपमा एकदा गिचका झाला. दुसरं कुणी पुढच्या वेळी पाणी कमी घालून मोकळं झालं असतं. साडूंनी सलग पाच दिवस उपमा करायला लावला. सोमवारी रवा बदलला, मंगळवारी कढई, बुधवारी शेगडी. पाचव्या दिवशी ताईंनी नवरा बदलायचा विषय काढला, तेव्हा कुठं ही चौकशी थांबली.

आणि अशा माणसाचं काडतूस गेल्या हिवाळ्यात अडकलं. तेही कुणाच्या हातात, तर क्लबातले सर्वांत जुने सभासद, सत्तरी ओलांडलेले एक स्थानिक आजोबा, त्यांच्या. साडू त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतात. पिस्तूल झाडलं की त्याचा वरचा भाग झटक्यानं मागं जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढचं काडतूस आत घेतो. अर्बाबांचं पिस्तूल मागं जायचं ते अर्ध्यातच अडायचं, आणि पुंगळी बाहेर पडायच्या दारातच अडकून उभी. दर आठवड्याला हेच. 'हातानं भरलेली नकोत, तयार मागवा,' अशी क्लबात कुजबुज सुरू झाली. साडूंचं जेवण कमी झालं. त्यांनी टोप्या बदलल्या, पुंगळ्या बदलल्या, गोळीची लांबी दहादा मोजली. शेवटी तेच पिस्तूल आणि तीच काडतुसं घेऊन स्वतः पन्नास बार काढले. एकही अडकलं नाही.

आता बदलून बघायचं एकच उरलं होतं, झाडणारा माणूस. पुढच्या खेपेला मीही तिथं होतो. साडू अर्बाबांच्या मागं उभे राहिले आणि पिस्तूल सोडून मनगटाकडे बघत बसले. बार झाला की म्हाताऱ्याचा हातच ढिला पडून मागं जात होता. धक्का सगळा हातात जिरला, तर पिस्तुलाला जोर कुठून मिळणार? साडू सुटले होते. चार लोकांसमोर एक वाक्य बोलायचं, की नाव साफ. ते पुढं झाले आणि म्हणाले, "अर्बाब, गलती मेरी है. बारूद कम पड़ा."

अर्बाबांनी पाठीवर थाप मारली. "कोई बात नहीं, हबीबी. सीख जाओगे."

परतताना गाडीत मी तडकलो. "अहो, दोष त्यांच्या हाताचा. स्वतःचं नाव कशाला घालवलंत?"

"टोपी बदलता येते, साडूबुवा," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "मी त्यांना हात कुठून बदलून देऊ?"

पिस्तुलाची साफसफाई करायच्या निमित्तानं साडूंनी त्यात कमी जोरातही पूर्ण मागं जाईल अशी हलकी स्प्रिंग बसवली, तेव्हापासून ते सुरळीत चालतं. या हेकट माणसाच्या पाया पडावं असं मला फार वाटलं. वाकायची माझी रीत दुरुस्त करत बसतील म्हणून थांबलो. अर्बाब अजून येतात. हल्ली दहाच बार काढतात, मग खुर्चीत टेकून नव्या सभासदांना सांगतात, की या माणसाला काडतूस भरायला मी शिकवलं. साडू शेजारी उभे राहून मान डोलावतात.