सागाच्या रानातली थाळी

रानात थाळी बडवली की डुकरं पळतात, हे आमच्या वाशीम जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. मी मात्र ती मनःशांतीसाठी वाजवली. मोबाइलवर पाहिलं होतं, की जपानी लोक मन निवावं म्हणून झाडांत नुसते बसून राहतात, त्याला वनस्नान म्हणतात. कोणी सोबत काशाच्या भांड्याचा नादही ऐकतात. बायको कित्येक महिने माझ्याशी धड बोलत नव्हती. मागून हाक मारली तर उत्तरच नाही. रुसवा जाईल म्हणून तिला किन्हीराजा गावाजवळच्या सागाच्या रानात नेलं, डोळे मिटून बसवलं आणि मागे उभा राहून घरच्या काशाच्या थाळीवर ठोका दिला.

पाखरं भर्रकन उडाली. शेजारच्या वावरातला माणूस काठी घेऊन धावत आला.

"डुकरं कुठीसा गेले, भाऊ?"

"डुकरं नाईत. हे आरामासाठी हाये."

"कोनाच्या?" म्हणत तो परत गेला.

एवढ्या गोंधळात बायको जागची हलली नाही. मला वाटलं, जपान्यांचा उपाय लागू पडला. खांद्याला हात लावला तेव्हा तिनं डोळे उघडले.

"काहून, अजून वाजवली नाई?"

थाळी खाली ठेवली. तिच्यासमोर बसून मोठ्यानं विचारलं, "कधीपासून आयकू येत नाई तुले?"

"दिवाळीपासून," माझ्या ओठांकडं पाहत ती म्हणाली. "सांगतलं होतं तुमाले. तुमी चार लोकांत हसले. म्हणे, बरं झालं, आता मी काई बी बोलायले मोकळा."