निवेदिकाबाईंची कवळी

तो पोटासाठी कवळ्या करायचा, पण हौस भाषणाची. समुद्रापलीकडच्या एका वाळीत पडलेल्या समाजवादी देशाच्या मैत्री मंडळाचा तो चिटणीस. मंडळ म्हणजे उरलीसुरली आठ-नऊ डोकी, त्यांतली दोघं ऐकायला कमी. तरी दर वार्षिक सभेत तो छाती फुगवून सांगायचा, "तिथं कुणाला कशाची ददात नाही!"

"जाऊन बघितलंत का कधी?" बायको विचारायची. "उगाच आपलं खोटं रेटायचं!"

त्याची सारी भिस्त रेडिओवर. तिथल्या केंद्रावरून एक निवेदिकाबाई आपल्या भाषेत बातम्या देत, आणि त्या आवाजावर त्याचा देवासारखा विश्वास. यंदा सभेला पाहुण्या म्हणून त्याच आल्या. सोबत पाळत ठेवायला एक अधिकारी. सभेच्या दिवशी सकाळीच बाईंची कवळी मोडली.

अधिकारी बाहेरच्या खोलीत चहा घेत बसला. आत चिटणिसानं कवळी हातात घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली. टाळूला सायकलच्या तारेचा टाका, दोन दात कुणा दुसऱ्याच्या कवळीतले. पण हिरडीवरची बसवणी इतकी नेमकी, की तशी त्यालाही साधली नसती. आणि हा गडी स्वतःला कमी लेखणाऱ्यांतला नव्हे.

"नवीच करून देतो, बाई."

"नको, हीच सांधा. द्यायची तर कवळी घडवायची पावडर द्या. आमच्या कारागिराकडे चिमूटभर उरली नाही हो. दातांवाचून लोक जेवण कालवून गिळतात." मग दाराकडे बघत त्या कुजबुजल्या, "हे मी बोलले नाही हं."

कपबशा घेऊन आलेल्या बायकोनं सगळं ऐकलं. तिनं नवऱ्याला टोमणा मारला नाही. कवळीची होती नव्हती ती पावडर तोंडाला लावायच्या पावडरीच्या डब्यांत भरली आणि बाईंच्या पिशवीत तळाशी सारली.

संध्याकाळी चिटणीस बोलायला उभा राहिला. अधिकारी पहिल्याच रांगेत. नेहमीचं वाक्य तोंडातून निघेना, आणि खरं सांगावं तर बाईंच्या जिवावर बेतणार. मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"तिथल्या एका कारागिराचं काम मी पाहिलंय," शेवटी तो म्हणाला. "इतकी वर्षं हाच धंदा करतोय मी. पण तो माझ्यापेक्षा मोठा माणूस आहे."

एवढं बोलून तो खाली बसला. अधिकाऱ्यानं खूश होऊन टाळ्या वाजवल्या. बाई मात्र मान खाली घालून, सगळ्यांदेखत रडत होत्या.