सोडून द्यायच्या प्रश्नांची परीक्षा

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकाचं माप टिपून ठेवणं, त्यापुढे कुणी गेलं नाही. कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तेवढ्या जोरावर आठवणी लिहायला बसणं जरा जास्तच होतंय, हे मला कळतं. पण एमबीएच्या प्रवेश परीक्षेबद्दल लिहितात ते सगळे ती पहिल्या फटक्यात समजलेले. न समजलेल्यानंही कधीतरी लिहावं, असं वाटलं.

राजाजीनगरात आमचं टेलरिंगचं दुकान आहे. आजोबांच्याही आधीपासून आम्ही बंगळुरात. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना दोन्ही. अप्पांचा नियम एकच, आलेल्या कापडाला नाही म्हणायचं नाही. ऐन सणाच्या आठवड्यातही ते ब्लाऊजपीस घेतात, माप घेतात, खडूनं दोन रेघा मारतात आणि सांगतात, "नाळे." नाळे म्हणजे उद्या. दुकानात सगळं सुरू झालेलं असतं, पुरं फारसं काही झालेलं नसतं. तरी लोक येतात, कारण अप्पांनी कुणाला परत पाठवलेलं नाही.

डिग्रीच्या शेवटच्या वर्षी मी ही परीक्षा द्यायची म्हणालो, तेव्हा अप्पा बराच वेळ मशीन चालवत राहिले. मग म्हणाले, "एक वर्ष बघ. नाही जमलं तर कटिंगच्या टेबलाशी ये. माझी नजर स्वल्प कमी झाली आहे." आवाजात धमकी असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. टेबल मला नको होतं. ते तोंडानं सांगायचा धीर मात्र झाला नाही.

क्लासात माझ्याशेजारी एक मुलगा बसायचा. त्याचे वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर, घर मूळचं पुण्याचं. माझं मराठी ऐकून तो पहिल्या दिवशी हसला आणि दुसऱ्या दिवसापासून मित्र झाला. पहिली सराव परीक्षा आम्ही बरोबरच दिली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रश्नाखाली एक बटण असतं. प्रश्नावर खूण करून ठेवायची आणि नंतर परत यायचं. मला ते बटण फार आवडलं. मी पहिला प्रश्न उघडला, अर्धं गणित मांडलं, खूण केली. दुसरा उघडला, अर्धा वाचला, खूण केली. एकालाही नाही म्हटलं नाही. वेळ संपत आल्यावर सगळीकडे खुणाच खुणा दिसल्या. मग मी घाईघाईनं, बसतील त्या उत्तरांवर क्लिक करत सुटलो. तेवढ्यात तो विभाग बंद झाला. एकदा बंद झालेल्या विभागात परत जाता येत नाही, आणि उत्तर चुकलं की मिळालेले गुणही कापले जातात, हे मला सांगितलेलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

निकाल बघून मित्र म्हणाला, "अरे, तू घरी झोपून राहिला असतास तर जास्त मार्क पडले असते. शून्य तरी पडलं असतं."

काही दिवसांनी तो पँट उंचीला कमी करायला दुकानात आला, आणि अप्पांसमोरच मला समजावू लागला. जे येत नाही ते बघायचं आणि सरळ सोडायचं, खूण वगैरे काही करायची नाही.

अप्पांनी मान वर केली. "न वाचता सोडायचं?"

"वाचून सोडायचं, काका. निम्मे सोडले तरी चालतात."

"निम्मे? मग पेपर कशाला काढतात एवढा मोठा?"

"सोडता येतं का ते बघायलाच."

"आणि पास किती मार्कांना?"

"पास-नापास नसतं. तुमच्या मागे किती लोक उभे आहेत, ते मोजतात."

अप्पांनी पँट टेबलावर पसरली. "म्हणजे मागचे किती हुशार, त्यावर पुढच्याचं ठरतं? बरा धंदा आहे." मग त्यांनी पँटवर खडूची रेघ मारली. "नाळे ये."

"काका, आजच हवी होती. जमणार नसेल तर नाही म्हणायचं, हेच मी तुमच्या मुलाला शिकवतोय."

"शिकव की. त्याला शिकव."

पुढचे महिने मी फक्त सोडायला शिकलो. गणित मला येत होतं, इंग्रजी जेमतेम येत होतं. नाही म्हणणं अजिबात येत नव्हतं. खऱ्या परीक्षेत गोल टेबलाभोवती बसवायच्या माणसांचं एक लांबलचक कोडं आलं. मी ते नीट वाचलं. जमणार नव्हतं. ती सगळी माणसं तशीच उभी ठेवून मी पुढे गेलो, आणि बाहेर आल्यावरही मला त्यांचं वाईट वाटत होतं. मित्राला सांगितलं तर तो फूटपाथवर बसून हसला.

गुण बरे आले. एका कॉलेजनं मुलाखतीला बोलावलं आणि प्रतीक्षा यादीत टाकलं. अप्पांनी विचारलं, "म्हणजे हो की नाही?" पुढचं कुणी गळलं तर हो, म्हणालो. त्यांनी टेबलाचा एक कोपरा रिकामा केला, माझ्यासाठी नवी कात्री आणून ठेवली. मी ती बघितली. इलेक्ट्रॉनिक सिटीत एक तात्पुरतं काम धरलं आणि रोज जात राहिलो.

एका संध्याकाळी परतताना बसमध्ये फोन बंद पडला. गल्लीच्या तोंडाशी बटणं-दोऱ्यांचं दुकान आहे, तिथल्या अण्णांनी हात करून थांबवलं. आमच्यासारखेच जुने मराठी.

"कुठं होतास रे? तुझा फोन लागत नाही म्हणून कॉलेजवाल्यांनी अप्पाला केला."

"काय म्हणाले?"

"ते मला काय ठाऊक. पण अप्पा दुकान उघडं टाकून इथं आला होता. चांगला कटिंग मास्टर कोण मिळेल का विचारत होता. पोरगा पुढच्या महिन्यात चाललाय म्हणाला."