मुन्नीबाईनं मोकळी सोडलेली घरं

मुन्नीबाई रहांगडालेच्या हातची भातरोवणी तिरोड्याच्या आसपासच्या चार गावांत ओळखीची. भाताच्या बांधीत एखादं रोप वाहून गेलं, तर घरी निघता निघता पुन्हा चिखलात उतरून तो रिकामा नांगा भरल्याशिवाय तिला रात्रीचं जेवण गोड लागत नसे. वय चोपन्न, शाळा चौथीपर्यंत. पण मोकळी जागा म्हणजे आळस, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

नेमकं हेच तिला ‘गो’ नावाच्या खेळाच्या पटावर नडलं.

हा खेळ घरात आणला तिच्या सुनेनं, सोनिकानं. सोनिका आणि मुलगा लोकेंद्र हैदराबादला नोकरीला. या पावसाळ्यात दीड महिना घरून काम करायची मुभा मिळाली, म्हणून दोघं गावी आली होती. पट सोबत नव्हता, तेव्हा सोनिकानं साडीच्या खोक्याच्या झाकणावर नऊ उभ्या, नऊ आडव्या रेघा मारल्या. काळ्या सोंगट्यांच्या जागी चिंचोके, पांढऱ्यांच्या जागी काबुली चणे.

"रेघा एकमेकींना कापतात ते घर, तिथं दाणा ठेवायचा, आई. एकदा तुम्ही, एकदा मी. माझ्या दाण्याला चहूकडून वेढलं की तो तुमचा. आणि शेवटी ज्यानं जास्त मोकळी जागा वेढली, तो जिंकला."

"म्हणजे धुरे घालायचे. इतकंच ना?"

धुरे, म्हणजे शेताचे बांध, तिनं झकास घातले. पण आत मोकळं दिसलं की हात राहीना. स्वतःच्याच वेढलेल्या जागेत ती चिंचोके रोवत सुटायची.

"भरू नका ना, आई! आत दोन वेगळी घरं मोकळी राहिली तरच तुमचे दाणे जगतात. एक तुम्ही बुजवलंत, की दुसऱ्यात मी बसते आणि सगळे उचलते." आणि सोनिका उचलायचीच.

वीसेक डाव असेच गेले. मग मुन्नीबाई एकदम जिंकायला लागली. लागोपाठ तीन डाव! "वा आई, खूप छान!" सोनिका म्हणाली. दुसऱ्या दिवशी रोवणीला वाकल्या वाकल्या मुन्नीबाईनं शेजारच्या धुरपताबाईला ऐकवलं, "कंपुटरवाल्या सुनेले हरवलं मी." ओळीतल्या साऱ्या बायांनी ते ऐकलं.

शनिवारी सकाळी ती भाजी चिरत होती. तिसरा डाव झाकणावर तसाच मांडलेला. सहज नजर कोपऱ्यात गेली आणि हात विळीवरच थांबला. सवयीनं आपलं एक मोकळं घर तिनं तिथं बुजवून टाकलं होतं. दुसऱ्यात एक चणा पडता, तर सात चिंचोके मेले असते. सोनिकानं चणा भलतीकडेच ठेवला होता.

"सोनिका! हे काऊन नाही मारलं?"

"दिसलं नाही, आई."

"वरणात मीठ कमी पडलं ते दिसते तुले, आन हे नाही दिसलं?"

"तुम्ही किती खूश होतात..."

"मी का लहान लेकरू आहो? मी गावभर सांगून राहिली, न तू मले खेळवून राहिली! उद्या जायच्या आधी एक डाव. खरा. हरवाचं तं हरव."

रविवारी दुपारी गोंदियाहून दोघांची गाडी होती. तोवर मुन्नीबाईच्या डोक्यात एकच घोळत राहिलं: आपल्याला खेळ येतो, की सुनेनं आपली लाज राखली? हरलो, तर धुरपताबाईला आपल्याच तोंडानं सांगावं लागणार.

सकाळी पट मांडला. सुरुवातीला दोन दाणे जादा मांडायची सूट सोनिका नेहमीच द्यायची, ती मुन्नीबाईनं घेतली. सांगून दिलेल्या सवलतीची तिला लाज नव्हती. मांडीशी मात्र पानाचा डबा ठेवला. आपल्या धुऱ्यात मोकळं दिसून हात शिवशिवला, की चिंचोक्याऐवजी अडकित्ता उचलायचा.

"आज का सुपारीचा हंगाम हाय?" तिचा नवरा उदेलाल पेपराआडून म्हणाला.

"तुमी पेपर वाचा."

अर्ध्या डावात सोनिकानं मुन्नीबाईचा कोपरा चण्यांनी गच्च वेढला. आत तीनच मोकळी घरं उरली, एका ओळीत. रोवणी करणारा हात कडेपासून सुरू करतो. तिचाही कडेलाच निघाला. तिनं तो मागे घेतला, सुपारी कातरली आणि बघत राहिली. एका बांधीच्या दोन करायच्या तर धुरा कुठं टाकतात? मधोमध. तिनं चिंचोका मधल्या घरात ठेवला. इकडे एक मोकळं, तिकडे एक. कोपरा जगला.

सोनिकाच्या चहावर साय धरली. "थांबा, थांबा आई, मागची चाल मी परत घेते!" तिनं चणा उचललासुद्धा.

"ठेव! सासूसंग चोरी करून राहिली?"

"चोरी नाही, चुकून..."

"रोवलेलं रोप उपटत नाही, पोरी."

डाव संपल्यावर घरं मोजली. मुन्नीबाई तीनानं पुढे. सोनिकानं पुन्हा मोजली. तीनच.

बाहेर लोकेंद्र ऑटोत बॅगा टाकून हाका मारत होता. सोनिका पाया पडली, पण गाल फुगलेले. ऑटोतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "ती एक चाल चुकली, आई, नाहीतर कोपरा गेलाच होता तुमचा! दिवाळीत सूट मिळणार नाही!"

तिन्ही डावांच्या ‘खूप छान’पेक्षा मुन्नीबाईला हे गोड लागलं.

धुरपताबाई आपल्या दारातून बघत होती. "काऊन वं, सून रुसून गेली का?"

"हो ना," मुन्नीबाई हसू पदरानं झाकत म्हणाली. "पहिल्यांदाच."