रिकामी पातेली

सगळ्या गल्लीची घासूनपुसून लख्ख केलेली पातेली मी भर दुपारी एका पाटीत घालून, खणखणाट करत घरी आणली आणि मोठं समाजकार्य केल्याच्या थाटात ओट्यावर उभा राहिलो.

त्याचं असं झालं. इटलीनं आफ्रिकेतल्या हबसाणावर, म्हणजे अ‍ॅबिसिनियावर, चाल केली. तिथं मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर आमच्या सोलापूरचे एक कारकून होते. त्या धामधुमीत पेढी लुटली गेली, घर जळालं, आणि ते बायको-मुलांसकट नेसत्या कपड्यांनिशी परत आले. आमच्या गल्लीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या, आणि लगेच मदतीची कमिटी निघाली. चिटणीस मी. दुसरं कुणी तयार नव्हतं, हे मला नंतर कळलं. रोज एकेका घरानं जेवण पोचवायचं ठरलं.

महिना झाला. जेवण जायचं, भांडी काही परत येईनात. "आमटी करायला पातेलं उरलं न्हाय की हो, चिटणीस!" शेजारच्या काकूंनी मला बोळात गाठून सुनावलं. म्हणून मी पाटी घेऊन त्या कारकुनांच्या बिऱ्हाडी गेलो.

भिंतीशी सगळी भांडी ओळीनं पालथी घातलेली. "राहू द्या ना भावजी, मी पाठवते एक-दोन दिवसांत," कारकुनांच्या बायको म्हणाल्या.

"छे छे वहिनी, तुम्हाला कशाला त्रास!" म्हणत मी एकेक उचललं. त्या दाराआड सरल्या. मला वाटलं, लाजल्या.

घरी बायकोनं आमचं पातेलं उचलून आत पाहिलं. "तिनं पाठवली नाहीत, तुम्ही उचलून आणलीत?"

"तेच की. तिचा त्रास वाचवला."

"अहो, रिकामं भांडं कुणी परत करतं का? चिमूटभर साखर तरी घालतो ना आपण? तिच्या घरात साखर कुठली? आपण सगळं शिजवून पाठवतोय, तिची चूल महिनाभर पेटलेली नाही. आता ती कुणाच्या दारात मान वर करून येईल?"

कमिटीच्या ठरावात साखरेचा उल्लेख नव्हता, असं मी म्हणणार होतो.

बायको तेव्हाच घरोघर फिरली. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत तीच पातेली भरली: पीठ, डाळ, गूळ, शेंगदाणे. वर सरपणाची मोळी. पाटी अर्थात माझ्याच डोक्यावर.

"काय चिटणीस, भांडी माहेरी करमली न्हाईत व्हय?" काकू ओट्यावरून ओरडल्या. सगळी गल्ली हसली.

"वहिनी, आमच्या घरातून निरोप आहे," मी पाटी उतरवत म्हणालो. "उद्यापासून तुमचं तुम्हीच रांधायचं."

त्यांनी पाटीत पाहिलं आणि मुलीला हाक मारली, "अगं, आधी काड्याची पेटी आण शेजारून!"

दोन दिवसांनी मुलीला घेऊन त्या स्वतः निघाल्या. प्रत्येक पातेल्यात शेंगदाण्याचे लाडू. प्रत्येक घरी कुंकू लावून घेणं आणि हबसाणची एखादी गोष्ट सांगणं, त्यामुळे आमच्याकडे यायला दिवेलागण झाली. आत दोघींचं हसणं थांबेना. मी बाहेर लाडवाच्या आशेवर.

त्या गेल्यावर मी हात पुढे केला. बायकोनं पातेलं मागं ओढलं.

"एकच घ्या," ती म्हणाली. "आणि कमिटीला सांगा, चिटणीस बदला म्हणावं. तिनं एका दिवसात सगळ्या गल्लीत वाटप केलं, पण येताना कुणाचं भांडं नाही उचलून आणलं."