गरम पाण्याची खळ

माझ्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. साठ साल उजाडायचं होतं. नवऱ्याच्या टाचेला जखम झाली. आम्ही मिठागरात राबणारे, पायाला भेगा असायच्याच, पण ही भरेना. दिवाळीनंतर मिठाचे वाफे तुडवून घट्ट करायचे असतात. तोवर पाय बरा झाला नाही तर वाफे दुसऱ्याला देईन, असं मालकाने सांगून ठेवलं होतं.

डोंगरापलीकडच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून आलो. नवरा बरं वाटलं म्हणाला. पण रोज तिथवर कोण जाणार? सासऱ्यांनी डोकं चालवलं. पाण्यात गुण आहे, तर पाणी आटवल्यावर तो मिठासारखा खाली उरेल. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. बैलगाडीतून चार हंडे पाणी आणलं. मी दोन दिवस चुलीवर आटवलं.

तळाशी काही धरेना, नुसतं पेजेसारखं गढूळ पाणी. मिठाला धरून पाण्यातलं बाकीचंही खाली बसेल म्हणून सासऱ्यांनी मूठभर मीठ टाकलं. सकाळी पाहते तर टोपात थलथलीत खळ, ताडगोळ्याच्या गरासारखी. नवऱ्याने ती जखमेवर थापली. दुपारी ती वाळून तडकली. ओढून काढताना खपलीही निघाली आणि रक्त थांबेना.

परत कुंडावर गेलो. तिथे कॉलेजातले एक मास्तर बाटल्यांत पाणी भरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, खोलवरचं तापलेलं पाणी खडकातली गारगोटी विरघळवून वर आणतं. पाणी निवलं, आटलं की ती त्यात मावत नाही. तिचे बारीक कण एकमेकांना धरून जाळं करतात आणि पाणी त्यात अडकतं. एरवी हे कण एकमेकांपासून लांब राहतात. मीठ पडलं की लवकर चिकटतात.

नवरा म्हणाला, "म्हंजे मी जखमेला दगड चोळला."

"तसंच म्हणा."

पाय दिवाळीपर्यंत भरेल का, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "मला पाण्यातलं कळतं, पायातलं नाही. डॉक्टरकडे जा."

येताना मी सासऱ्यांचं नेमकं कुठे चुकलं ते बघत होते. पाणी आटलं की आतलं उरतं, हे खरंच होतं. उरेल ते गुणाचंच असेल, हे त्यांनी आपल्या मनाने धरलं.

डॉक्टरांनी दोन महिने पाय कोरडा ठेवायला सांगितलं. मी मालकाकडे जाऊन वाफे मी तुडवते म्हटलं. घरी सासू म्हणाली, "बाईमाणूस वाफा तुडवतं काय?"

"मग तुमच्या मुलाला उभा करा," मी म्हटलं.

त्या हंगामात वाफे मी तुडवले. ते हवे तितके घट्ट बसले नाहीत, चिखल मिसळून मीठ जरा मळकट उतरलं. मालकाने तोंड वाकडं केलं, पण मीठ उचललं आणि वाफे आमच्याकडेच ठेवले.